जुन्या रेसिंग ड्रायव्हरचं करिअर नीट कसं वाचायचं (आपला गिनीपिग: अल्बर्टो आस्कारी)

मागे ऑफिसच्या एका क्विझमध्ये मी छाती फुगवून सांगितलं होतं की फॉर्म्युला वनमध्ये सलग ९ रेस जिंकणारा पहिला माणूस म्हणजे इटलीचा आस्कारी, आणि समोरच्या टीममधला एक शांत मुलगा म्हणाला, "सलग? मधली इंडियानापोलिस कुठे गेली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॉइंट गेला तो गेलाच, पण त्या रात्री घरी येऊन आस्कारीचा पूर्ण तक्ता वहीत उतरवून काढला, आणि तेव्हा कळलं की आपण हे तक्ते नुसते बघतो, वाचत नाही. क्रिकेटचं स्कोअरकार्ड आपण कसं वाचतो, खेळपट्टी कशी होती, समोर बोलर कोण होता, टॉस कोणी जिंकला, सगळं बघतो ना? मग रेसिंगमध्ये नुसतं "दोनदा वर्ल्ड चॅम्पियन" वाचून पुढे का जायचं?

तर पद्धत सांगतो. कागद-पेन घ्या, मोबाईलवर स्क्रोल करून हे होत नाही, मी करून बघितलंय.

सगळ्यात आधी माणूस कोण ते पक्कं करा, कारण आस्कारी दोन आहेत. बाप अन्तोनियो, मुलगा अल्बर्टो. अन्तोनियो अल्फा रोमेओचा मोठा ड्रायव्हर, १९२४ ची इटालियन ग्रांप्री आणि १९२५ ची बेल्जियन ग्रांप्री त्याने मारली, आणि २६ जुलै १९२५ ला पॅरिसजवळच्या मोंलेरी ट्रॅकवर फ्रेंच ग्रांप्रीत पुढे असतानाच गाडी कडेच्या लाकडी कुंपणात अडकून तो गेला. अल्बर्टो तेव्हा ७ वर्षांचा, जन्म १३ जुलै १९१८, मिलान. त्याच अल्फाच्या टीममध्ये अन्तोनियोचा एक दोस्त होता, एन्झो फेरारी नावाचा. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागतो. आणि जाता जाता, अल्बर्टोला लोक लाडाने "चिच्चो" म्हणायचे, म्हणजे गोलूपोलू टाइप, फोटोत बघा, अंगापिंडाने भरलेला, चेहऱ्यावरून रेसरपेक्षा मिठाईच्या दुकानाचा मालक वाटतो.

दुसरं, चॅम्पियनशिपचा तक्ता १९५० ला सुरू होतो पण माणूस नाही. इथे बहुतेक जण चुकतात. अल्बर्टो आधी बियांकीच्या मोटारसायकली पळवायचा. १९४० ला ब्रेशाच्या रेसमध्ये, म्हणजे त्या वर्षीची मिले मिल्याच (इटलीची रस्त्यावरची प्रसिद्ध रेस), तो पहिल्यांदा मोठ्या चारचाकीत बसला आणि ती गाडी कोणाची? एन्झो फेरारीची. अल्फा सोडल्यावर एन्झोने बनवलेली पहिली गाडी, नाव ८१५, कारण ८ सिलिंडर आणि दीड लिटर, आणि तिच्यावर फेरारी हे नावही नव्हतं. अशा दोनच गाड्या बनल्या आणि दोन्ही रेस पूर्ण करू शकल्या नाहीत. मग युद्ध. युद्धात आस्कारी आणि त्याचा जिगरी दोस्त लुईजी विलोरेझी उत्तर आफ्रिकेतल्या इटालियन सैन्याला इंधन पुरवायच्या ट्रान्सपोर्ट धंद्यात होते. युद्धानंतर मासेराती, १९४८ ला सान रेमो जिंकली, आणि १९४९ पासून दोघे दोस्त फेरारीत. म्हणजे तक्त्याची पहिली ओळ येते तेव्हा माणूस ३१ वर्षांचा आहे आणि त्याची उमेदीची चार-पाच वर्षं युद्धाने खाल्लेली आहेत. वहीत हे वर, तक्त्याच्या आधी लिहा.

आता तक्ता. आधी नुसते आकडे मोजा, स्वतः मोजा. ३२ रेस, १३ विजय, १४ पोल (पोल म्हणजे रेस सगळ्यात पुढून सुरू करायची जागा). विजय १९५१ ला २, १९५२ ला ६, १९५३ ला ५, बास. त्याच्या आधी शून्य, नंतर शून्य. सगळा माल या तीन ओळींत आहे.

मग प्रत्येक वर्षापुढे "नियम काय होता आणि समोर कोण होतं" असा एक रकाना पाडा. ही माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी आहे आणि कंटाळा येतो म्हणून लोक हीच गाळतात. १९५१ ला समोर अल्फा आणि तिचा अर्जेंटिनाचा ड्रायव्हर फान्जिओ. आस्कारीने नुरबर्गरिंग आणि मोंझा मारल्या, टायटल शेवटच्या रेसवर, बार्सिलोनाच्या पेद्राल्बेसवर आलं, आणि तिथे फेरारीने लहान चाकं लावायचा निर्णय घेतला, टायरची सालटं निघायला लागली, संपलं. फान्जिओ चॅम्पियन, आस्कारी दुसरा. ड्रायव्हरच्या खात्यात हरल्याची नोंद आहे, पण चूक गॅरेजमधली आहे.

१९५२ ला अल्फा निघून गेली. मग फेरारीशी भिडणार कोण, म्हणून आयोजकांनी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेस फॉर्म्युला टूच्या नियमांवर घेतल्या, २ लिटर, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा भरणारा पंप) नाही. त्या नियमात फेरारीकडे आधीच ५०० नावाची साधी सरळ चार सिलिंडरची गाडी तयार होती, अगदी आयत्या बिळावर नागोबा. वर फान्जिओ जूनमध्ये मोंझाला आपटला, मानेला मार, सीझन बाद. आदल्या दिवशी तो आयर्लंडमध्ये रेस करत होता, विमान चुकलं म्हणून पॅरिसहून रात्रभर गाडी चालवत आला आणि तसाच रेसला बसला, वेडेपणा सगळा. तर आस्कारीच्या ६ विजयांपुढे हे सगळं लिहायचं. याने त्याची किंमत कमी होते का? मला नाही वाटत, कारण तीच गाडी फारीनाकडे होती, तारुफ्फीकडे होती, विलोरेझीकडे होती, आणि ते सगळे त्याच्या मागेच होते. ड्रायव्हर मोजायचा असेल तर त्याच्याच टीममधल्या बाकीच्यांशी मोजा, तीच गाडी, तेच पेट्रोल, तेच मेकॅनिक.

आता ती "सलग ९" वाली भानगड. १९५२ चे शेवटचे ६ आणि १९५३ चे पहिले ३ (अर्जेंटिना, हॉलंड, बेल्जियम) मिळून ९. पण त्या काळात अमेरिकेची इंडियानापोलिस ५०० सुद्धा कागदोपत्री वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मोजायचे, आणि १९५३ ला ती अर्जेंटिना आणि हॉलंडच्या मध्ये येते. आस्कारी त्या वर्षी तिकडे गेलाच नव्हता. म्हणजे त्याने भाग घेतलेल्या सलग ९ जिंकल्या हे बरोबर, कॅलेंडरमधल्या सलग ९ हे चूक. तो क्विझवाला मुलगा बरोबर होता, काय करणार. गंमत म्हणजे १९५२ ला आस्कारी स्वतः इंडियानापोलिसला गेला होता, त्यासाठी स्वित्झर्लंडची रेस सोडली, ती तारुफ्फीने मारली, आणि इकडे याच्या गाडीचं चाक मोडलं ४० व्या लॅपला. पुढे २०१३ ला फेटेलने ९ ची बरोबरी केली, २०२३ ला वेर्स्टापेनने १० केल्या.

पॉइंट्स. इथे जरा दम धरा, इथेच खरी मजा आहे. तक्त्यात १९५२ पुढे ३६ आणि बाजूला कंसात ५३.५ असं दिसतं, आणि पहिल्यांदा बघणारा म्हणतो हे काय आता. नियम असा होता: पहिल्याला ८, मग ६, ४, ३, २, आणि फास्टेस्ट लॅपला वेगळा १. पण वर्षअखेर फक्त सगळ्यात चांगल्या ४ रेस धरायच्या. आता १९५२ करून बघा. ६ विजय, त्यातल्या ५ मध्ये फास्टेस्ट लॅप पण त्याचीच, म्हणजे ९ गुणिले ५, झाले ४५. सहावी मोंझा, तिथे फास्टेस्ट लॅप त्याची आणि मासेरातीच्या गोन्झालेसची सेम टू सेम, म्हणून तो १ पॉइंट अर्धा अर्धा, म्हणजे ८.५. एकूण ५३.५. धरायच्या चार, म्हणजे ९ चोक ३६. त्या नियमात यापेक्षा जास्त पॉइंट मिळवताच येत नव्हते! पेपर पैकीच्या पैकी. हे नुसतं वाचून कळत नाही, बेरीज केली की कळतं. मी ती एका लाइट बिलाच्या मागे केली आणि जमल्यावर बायकोला दाखवायला गेलो, ती म्हणाली बिल भरलंय का.

१९५३ तुम्ही करा, उत्तर ३४.५ आणि कंसात ४६.५ यायला पाहिजे. एक पॉइंट कमी पडेल, तो जर्मनीत सापडेल. तिथे पुढचं चाक निघून गेलं, हा बाबा तशीच तीन चाकांवर गाडी पिटपर्यंत (जिथे मेकॅनिक थांबतात) घेऊन आला, मग विलोरेझीच्या गाडीत बसला (तेव्हा गाडी बदलायला परवानगी होती) आणि त्या दुसऱ्याच्या गाडीत फास्टेस्ट लॅप मारली. पहिल्या पाचात नाही, तरी १ पॉइंट. पाचाबाहेरच्या रकान्यात एवढी मोठी गोष्ट लपलेली असते.

यावरून पुढचं, "रिटायर्ड" हा शब्द दिसला की थांबायचं. का रिटायर्ड ते प्रत्येक वेळी शोधायचं. आस्कारीच्या तक्त्यातल्या शेवटच्या ७ रेस बघा, सातच्या सात रिटायर्ड. नुसतं बघितलं तर वाटेल माणूस संपला होता. आता एकेक उघडा. मोंझा १९५३, शेवटची लॅप, शेवटचं वळण, पुढे होता, गाडी फिरली, मागून काही लॅप मागे असलेली गाडी येऊन आदळली, फान्जिओ जिंकला. टायटल आधीच स्वित्झर्लंडला खिशात पडलेलं म्हणून बरं. १९५४ ला त्याने फेरारी सोडून लान्चा ही दुसरी इटालियन टीम धरली आणि लान्चाची डी५० गाडी काही केल्या तयार होईना, ऑक्टोबरपर्यंत! म्हणून मधे उधारीवर दोनदा मासेराती, एकदा फेरारी, तिन्ही वेळा गाडीच गेली. शेवटी स्पेनला डी५० आली, पहिल्याच रेसला पोल, पुढे पळत होता, क्लच गेला. अर्जेंटिना १९५५, लीड घेतलेली, घसरला, ही चूक त्याची. आणि मग मोनाको. म्हणजे सात रिटायर्डमधली निम्म्याहून जास्त मशीनची आहेत.

आणि हो, या तक्त्याबाहेर पण बघा, कारण याच "वाया गेलेल्या" १९५४ ला त्याने लान्चाच्या स्पोर्ट्स कारने मिले मिल्या जिंकली, इटलीच्या साध्या रस्त्यांवरून जवळजवळ १६०० किलोमीटर, एकट्याने. चॅम्पियनशिपच्या तक्त्यात याचा मागमूस नाही.

एक पायरी मोठ्या लोकांची मतं तपासायची. एन्झो फेरारीचं मत प्रसिद्ध आहे की आस्कारी पुढे असला की त्याला गाठणं जवळपास अशक्य, पण मागून वाट काढत यायचं असेल तर तेवढा रमायचा नाही. तक्त्याशी ताडून बघा: १३ पैकी ९ विजय पोलवरून. म्हणजे म्हाताऱ्याचं म्हणणं बरंचसं खरं. पण उरलेल्या चारात १९५३ ची स्वित्झर्लंडची ब्रेमगार्टन आहे, तिथे पिटमध्ये थांबावं लागलं, मागे पडला, आणि एकेकाला गाठत परत पुढे येऊन जिंकला. मालकाचं मत म्हणून डोळे झाकून घेऊ नका एवढंच.

शेवट वाचताना सगळ्यात जास्त सांभाळा, कारण इथे इंटरनेटवर योगायोगांचा नुसता बाजार आहे. आधी घडलं काय ते. २२ मे १९५५, मोनाको, ८१ वी लॅप, पुढे असलेल्या ब्रिटिश ड्रायव्हर मॉसच्या मर्सिडीजचं इंजिन गेलं, आस्कारी आता पहिला होणार, आणि बंदराजवळच्या शिकेनमध्ये (लगोलग डावं-उजवं वळण) गाडी गवताचे भारे फोडून थेट समुद्रात. बुडबुडे, आणि मग फिकट निळं हेल्मेट वर आलं. नाक मोडलं, खरचटलं, बाकी ठणठणीत. चार दिवसांनी, २६ मे ला, तो मोंझाला गेला, खरंतर नुसतं बघायला, त्याचा दोस्त कास्तेलोत्ती फेरारीची स्पोर्ट्स कार टेस्ट करत होता. कोट-टाय घातलेला माणूस. म्हणाला दोन-चार लॅप मारतो, भीती निघून जाईल. कोट काढला, टाय तशीच, आणि हेल्मेट कास्तेलोत्तीचं घातलं, कारण स्वतःचं निळं सोबत नव्हतं. हा तोच माणूस जो आपलं हेल्मेट, गॉगल, हातमोजे कोणाला हात लावू द्यायचा नाही, काळी मांजर दिसली की रस्ता बदलायचा. तिसऱ्या लॅपला व्यालोनेच्या डाव्या वळणावर गाडी उलटली. का, ते आजवर नक्की कोणाला सांगता आलेलं नाही.

आता योगायोग तपासा. बाप २६ तारखेला गेला, मुलगा २६ ला: खरं. दोघं ३६ वर्षांचे: जन्मतारखा वजा करा, बाप १५ सप्टेंबर १८८८, खरं. दोघांनी १३-१३ ग्रांप्री जिंकल्या: मुलाच्या १३ मोजलेल्या आहेत, बापाच्या १३ कोणत्या ते जो हे फॉरवर्ड करतो त्याला विचारा, यादी मागा, गप्प होतो. दोघेही आधीच्या अपघातानंतर चारच दिवसांनी गेले: मुलाचं बरोबर, बापाला मात्र हे जुळवून चिकटवलेलं दिसतं. खरे योगायोग तसेच अंगावर येतात, वर फोडणी कशाला द्यायची.

त्याच्या जाण्यानंतर लान्चाने काही आठवड्यांत रेसिंग आवरतं घेतलं आणि सगळ्या डी५० फेरारीला देऊन टाकल्या, आणि १९५६ ला फान्जिओ त्याच गाड्यांवर चॅम्पियन झाला. हे आस्कारीच्या ओळीत येत नाही, पण मी वहीत खाली लिहून ठेवलंय.

सरावाला पुढचा निनो फारीना घ्या. १९५० चं वर्ष उघडा, त्याचे ३ विजय, फान्जिओचे पण ३, तरी ३० विरुद्ध २७ ने फारीना पहिला वर्ल्ड चॅम्पियन. कसा, ते आधी बेरीज करून काढा, मग सर्च करा. बिल मात्र आधी भरा.