वीज आल्यावर फायरवॉल सुरू, पण इंटरनेट बंद? आधी मॅक पत्ते ताडून पाहा

कोल्हापूरच्या उद्यमनगर किंवा शिरोलीतल्या अनेक छोट्या कारखान्यांत एकाच सर्व्हरवर हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि पीएफसेन्ससारखी आभासी फायरवॉल (इंटरनेट आणि कारखान्याचे नेटवर्क यांच्यामध्ये राखण करणारे सॉफ्टवेअर) अशी दोन्ही कामे चालवली जातात. पावसाळ्यात वीज जाऊन यूपीएसनेही मान टाकली की सर्व्हर पुन्हा सुरू होतो, फायरवॉलही चालू दिसते, पण एकाही संगणकाला इंटरनेट मिळत नाही. अशा वेळी सेवा पुरवठादाराशी वाद घालण्याआधी फायरवॉलचा कन्सोल, म्हणजे तिच्या मेनूचा पडदा, उघडावा.

ईएसएक्सआय या हायपरवायजरमध्ये (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) फायरवॉलच्या चालू आभासी मशीनला नवे नेटवर्क कार्ड जोडले असेल, तर पीसीआय क्रम (कार्डे ओळखली जाण्याचा क्रम) बदलल्यामुळे व्हीएमएक्स० आणि व्हीएमएक्स१ या नेटवर्क इंटरफेसची अदलाबदल होऊ शकते, आणि ती पुढच्या रीबूटनंतरच उघडकीस येत असल्याने जुना बदल कोणाच्या ध्यानातही राहत नाही. म्हणून इंटरफेसच्या नावावर मुळीच विसंबू नये. कन्सोलच्या मेनूतील १ क्रमांकाचा पर्याय निवडल्यावर प्रत्येक इंटरफेससमोर त्याचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो हायपरवायजरमधील कार्डाच्या पत्त्याशी ताडून वॅन (इंटरनेटची बाजू) आणि लॅन (कारखान्याची बाजू) नव्याने नेमावेत.

पत्ते जुळत असूनही जोडणी नसेल, तर हायपरवायजरमध्ये मशीन सुरू होताना कार्ड जोडण्याच्या पर्यायावरची खूण निघालेली नाही ना, हे तपासावे. ही क्षुल्लक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. पुरवठादाराचा मोडेम फायरवॉलपेक्षा उशिरा जागा होत असल्यास हायपरवायजरच्या ऑटोस्टार्टमध्ये फायरवॉलला दोन-तीन मिनिटांचा विलंब द्यावा.