फेमटोसेकंद लेझर हवेतून सोडताय? सिम्युलेशनमधल्या या चुका टाळा

आमच्या रत्नागिरीत एमएस्सीची पोरं लेझर फिलामेंटेशनचं (तीव्र लेझरचा झोत हवेत न पसरता बारीक धाग्यासारखा पुढे जातो, त्याचं) सिम्युलेशन प्रोजेक्टला घेतात, लॅपटॉपवर होतं म्हणून, आणि मग दरवर्षी त्याच त्या ठिकाणी अडकतात.

सगळ्यात आधी एनर्जी आणि पॉवरचा घोळ. 1 मिलीज्यूल ऐकायला काहीच नाही, पण तेवढंच 100 फेमटोसेकंदात (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्ष-अब्जावा भाग) कोंबलं की पीक पॉवर 10 गिगावॅटच्या आसपास जाते, आणि 800 नॅनोमीटरला हवेची क्रिटिकल पॉवर (जिच्यापुढे बीम आपोआप फोकस व्हायला लागतो ती) साधारण 3 ते 10 गिगावॅट धरतात, पल्स छोटा असेल तर वरचा आकडा. म्हणजे बीम स्वतःच स्वतःला फोकस करणार. आरे-वारेच्या वाळूवर भर दुपारी पाणी दिसतं ना, तिथे तापलेल्या हवेचा अपवर्तनांक बदललेला असतो म्हणून प्रकाश वाकतो. इथे प्रकाशच हवेचा अपवर्तनांक बदलतो, मधे इंटेन्सिटी जास्त म्हणून तिथे अपवर्तनांक जास्त, झाली हवेचीच लेन्स तयार. हा केर इफेक्ट.

आता खरी गडबड. कोडमध्ये फक्त केर टाकतात, बीम मिटत मिटत एका टिंबावर येतो, स्क्रीनवर आकडे फुटतात, आणि मग पोरं रात्रभर गणनेची स्टेप लहान करत बसतात! अरे स्टेपचा दोष नाहीये, प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेली हवा, टाकायचा राहिलाय. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला 12.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, 800 नॅनोमीटरचा फोटॉन 1.55 चा, म्हणजे एकदम 8 फोटॉन पाहिजेत. त्यामुळे आयनीकरण इंटेन्सिटीच्या 8 व्या घाताने वाढतं, इंटेन्सिटी 10 टक्के वाढली तरी दुपटीहून जास्त. प्लाझ्मा बीमला बाहेर ढकलतो आणि इंटेन्सिटी प्रति चौरस सेंटीमीटर साधारण 50 लाख कोटी वॅटवर अडते. तुमच्या रनमध्ये याच्या दहापट दिसतेय तर आयनीकरणाची टर्म परत तपासा.

ग्रिडचं, म्हणजे गणनेच्या बिंदूंमधल्या अंतराचं पण बघा, फिलामेंट जेमतेम 100 मायक्रॉनचा, तुम्ही 50 मायक्रॉनची ग्रिड घेतली तर त्यात काय दिसणार? आणि रॅम वाचवायला सिम्युलेशनचा बॉक्स अरुंद करू नका हो, मी कळकळीने सांगते. बहुतेक एनर्जी गाभ्यात नसते, भोवतीच्या मंद प्रकाशात असते, ती कापली की फिलामेंट लवकर मरतो. उलट गाभ्यासमोर पाण्याचा थेंब आला तरी भोवतीच्या एनर्जीतून तो परत उभा राहतो, आपल्या पावसाळी हवेत हे मला फार मोलाचं वाटतं.

मे संपता संपता विजा कडाडायला लागल्या की स्वित्झर्लंडच्या झेंटिस डोंगरावरच्या 2021 च्या प्रयोगाची आठवण हमखास निघते, 124 मीटरच्या टॉवरजवळ लेझरने वीज 50 मीटरभर वळवली होती. फक्त ते आकडे आपल्या कोडमध्ये तसेच टाकू नका, तिथला लेझर 1030 नॅनोमीटरचा, पल्स पिकोसेकंदाचा (1000 फेमटोसेकंद म्हणजे एक पिकोसेकंद), सेकंदाला 1000 पल्स. क्रिटिकल पॉवर तरंगलांबीच्या वर्गाने वाढते, ती आधी बदला.