पिंग चाले, फाइल मात्र रांगायची

सर्व्हरला पिंग (समोरचा उत्तर देतो का हे पाहणारा छोटा संदेश) झकास, एकही पॅकेट हरवत नव्हतं. पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की काम गोगलगायीच्या चालीनं. आधी केबल बदलली, मग नेटवर्क कार्ड. दोन्ही खर्च फुकट.

शेवटी स्विचवर (नेटवर्कची यंत्रं जिला जोडतात ती पेटी) सर्व्हरच्या पोर्टचे चुका मोजणारे काउंटर उघडले. लेट कोलिजन (फ्रेमचा, म्हणजे डेटाच्या पाकिटाचा, बराच भाग गेल्यावर उशिरा झालेल्या टकरी) दर मिनिटाला वाढत होते! सर्व्हरचं कार्ड कुणीतरी (बहुधा मीच) १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं) पक्कं करून ठेवलेलं, आणि स्विचचा पोर्ट ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी वाटाघाटी करून वेग नि डुप्लेक्स ठरवणारा. समोरचा वाटाघाटीच करत नसेल तर स्विच सिग्नलवरून वेग ओळखतो, डुप्लेक्स मात्र ओळखू शकत नाही. मग नियमाप्रमाणे हाफ (एका वेळी एकानंच बोलायचं) धरतो. म्हणजे सर्व्हर बेधडक बोलत सुटलेला, आणि स्विच आपलं बोलताना समोरून आवाज आला की टक्कर समजून फ्रेम अर्धवट सोडणार. ते तुकडे सर्व्हरकडे सीआरसी एरर (तपासणीत बिघडलेल्या निघालेल्या फ्रेम) म्हणून मोजले जात होते. पिंगची पॅकेटं छोटी नि एकेकटी, म्हणून ती निसटायची.

दोन्ही टोकं ऑटोवर ठेवली, पोर्ट एकदा बंद-चालू केला. दोन्हीकडे फुल दिसलं. काउंटर शून्य करून पुन्हा कॉपी लावली. चुकांचा आकडा हलला नाही.