एचआयव्हीसह जगताना फॅटी लिव्हर निघाले, तर काय करावे

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर फॅटी लिव्हर असे दिसले की पुष्कळ जण आधी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरील उपचाराच्या, गोळीवर संशय घेतात आणि परस्पर ती बंद करतात. तसे मुळीच करू नये. टीएलडी या तीन औषधांच्या एआरटी गोळीतील टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडिन हिपॅटायटिस बीलाही आवरून धरतात, त्यामुळे तो संसर्ग असणाऱ्याने गोळी अचानक सोडल्यास यकृताला तीव्र सूज येऊ शकते. याच गोळीतील डोल्युटेग्राव्हिरने काहींचे वजन वाढते हे खरे. पण गोळी बदलायची की नाही, हे नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील किंवा आपल्या नेहमीच्या एआरटी केंद्रातील डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

प्रथम हिपॅटायटिस बी व सी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, कंबरही मोजावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर जोखमीचा मानतात.

त्यानंतर खरा प्रश्न चरबीचा नसून यकृतात व्रण, म्हणजे फायब्रोसिस, होतो आहे का हा असतो, आणि त्याचा अंदाज साध्या रक्ततपासणीतून, फिब-४ नावाचा आकडा काढून, घेता येतो. त्यासाठी एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताची दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट मोजलेले लागतात. वय गुणिले एसजीओटी या संख्येला, प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ या संख्येने भागावे, प्लेटलेट १.८ लाख असतील तर १८० धरावेत. समजा वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट १८० आहेत, तर ६४ चे वर्गमूळ ८, म्हणून २४९६ भागिले १४४० म्हणजे सुमारे १.७३ येतात. फिब-४ हा १.३ पेक्षा कमी असेल तर सहसा गंभीर फायब्रोसिस नसतो. जास्त असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारावे, आणि २.६७ च्या वर गेल्यास यकृततज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नये. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. एसजीपीटी नॉर्मल आहे एवढ्यावर मात्र निश्चिंत राहू नये.

वजन जास्त असल्यास ते ७ ते १० टक्के, तेही सावकाश, उतरवावे. मिसळ वर्ज्य नाही. तिच्यावरची तर्री, जास्तीचे पाव आणि सोबतची जिलेबी आवरावी. द्राक्षाची म्हणून वाइन यकृताला चालते, हा आपल्याकडचा समज सोडून द्यावा. गोदापार्कवर किंवा गल्लीत, आठवड्याला १५० मिनिटे झपाझप चालावे.

यकृतासाठी म्हणून गुळवेलीसारखे काढे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण गुळवेलीनेच यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तसे केंद्रात आवर्जून सांगावे. डोल्युटेग्राव्हिरमुळे तिचे रक्तातील प्रमाण वाढते आणि डोस सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंतच ठेवावा लागतो.