थर्मल पेस्ट वाटाण्याएवढीच लावा

पहिल्यांदा पीसी जोडताना सगळं जमतं आणि पेस्टपाशी (प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामध्ये लावतात, उष्णता कूलरकडे जावी म्हणून) येऊन हात थरथरतो, किती लावू? मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणले तेव्हा ब्रुन पावाला मस्का लावतात तशी थापली होती, सगळी बाजूने बाहेर आली आणि अर्धा तास इअरबडने सॉकेटची (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) कड पुसत बसलो.

१. आधी कूलरची खालची बाजू बघा. करड्या रंगाची पेस्ट आधीच लावलेली असेल तर वरून आणखी लावू नका, विषय संपला.
२. नसेल तर प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवून लिव्हर बंद करा, मग प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याएवढा एकच ठिपका. पसरायचा नाही, कूलरच्या दाबाने तो आपोआप पसरतो.
३. कूलर सरळ वरून ठेवा आणि तिरक्या रेषेत समोरासमोर येणारे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे पिळत जा, एकच पूर्ण आवळलात तर पेस्ट एका बाजूला सरकते.

कूलर परत काढावा लागला तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवीन लावा, तीच दाबून बसवू नका.

आणि हो, कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं बऱ्याचदा, ते आधी काढा. घाईत हेच राहतं आणि मग पीसी तापला की लोक पेस्टला शिव्या घालतात.