एकाच हाताची चार माध्यमं : नोंद, फोटो, पॅकिंग

कॅनव्हास, कापड, व्हिडिओ, मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) असं सगळंच करणाऱ्या कलाकाराचं घोडं बहुधा नोंदींपाशी अडतं. आधी एक जाड वही घाला. प्रत्येक कामाला एकच नंबर, उदाहरणार्थ २०२५-०१४. तोच कामाच्या पाठीवर, फोटोच्या फाइलवर आणि बिलावर. कॅनव्हासच्या पाठीवर मार्कर चालवू नका, शाई पुढे उमटते; मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलने लिहा.

माध्यमाच्या रकान्यात ‘मिश्र माध्यम’ लिहिणं म्हणजे आळस. ‘सोलापुरी चादरीवर ॲक्रिलिक रंग आणि जरीची तार’ असं लिहा. माप सेंटिमीटरमध्ये: आधी उंची, मग रुंदी, मग जाडी. घेणाऱ्याचं नाव, तारीख, किंमत हवीच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये मूळ चित्र, रेखाटन किंवा शिल्प १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कलाकाराला वाटा मिळण्याची तरतूद आहे. पण काम कुणाकडे गेलं हेच ठाऊक नसेल तर मागणार कुणाकडे?

फोटो सावलीत काढा, सकाळी नऊच्या आत. आपल्याकडचं ऊन त्यानंतर पांढरा रंग खाऊन टाकतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीला. मोबाइल असेल तर मागे सरका आणि दुपटीचा झूम घ्या. जवळून काढलं की कडा वाकतात. कापडाला मात्र एका बाजूने तिरपा उजेड द्या, नाहीतर वीण दिसत नाही.

व्हिडिओची मूळ फाइल वेगळी, दाखवायची एमपी४ वेगळी. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. पाच प्रती जाहीर केल्या की सहावी काढायची नाही. स्वतःची एक प्रत ठेवणार असाल तर तेही आधीच सांगा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं पॅकिंगमध्ये. ॲक्रिलिक उन्हाळ्यात मऊ पडतं. बबल रॅप थेट लावून काम एप्रिलमध्ये टेम्पोत टाकलं, की रंगावर गोल गोल ठसे उठतात आणि ते जात नाहीत. आधी ग्लासिन (गुळगुळीत, पातळ) कागद, त्यावर बबल रॅप फुगे बाहेर करून, कोपऱ्यांना पुठ्ठा, मग प्लायची पेटी. रंग वाळल्यावरही दोन-तीन आठवडे थांबा. कापडाची घडी घालू नका, रंगाला घडीवर भेगा पडतात. जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि वरून धुतलेलं मांजरपाट. कोरं नको, त्यातल्या खळीला कसर लागते.

मांडणशिल्पाबरोबर जोडणीचा आराखडा, एकूण वजन, लागणारे प्लग आणि सुटे नट-बोल्ट एका पिशवीत द्या. पिशवी पेटीच्या आत चिकटवा, ड्रायव्हरच्या हातात नको.