पूर्ण रेस दिल्यावर फ्युएल प्रेशर पडतं: कार्ब्युरेटरच्या गाडीत दोष कसा शोधायचा

स्लोवर (रेस न देता) फ्युएल प्रेशरचं गेज ६ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतं, गाडी गुळगुळीत चालते. पण तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबून धरली की काही सेकंदांनी इंजिनाचा दम तुटतो, कार्ब्युरेटरमधून फटके येतात आणि रेस सोडली की सगळं पूर्ववत. याचं खापर बहुतेक वेळा जेटांवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रांवर, फुटतं. मोठे जेट घालून काही फरक पडत नाही, कारण फ्लोट बाउलच (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या) रिकामे होत असतात. थ्रॉटल उघडताक्षणी अडखळलं तर ॲक्सिलरेटर पंप (रेस दाबताच जादा पेट्रोल फवारणारा) किंवा इग्निशन बघा. मधले काही सेकंद गाडी नीट ओढून मग बसली, तर पुरवठा कमी पडतोय. ते सेकंद बाउलमधल्या साठ्यावर निघालेले असतात.

स्लोवरच्या रीडिंगवर विसंबू नका. स्लोवर पेट्रोल जेमतेम खर्च होतं, नीडल (बाउलमध्ये पेट्रोल सोडणारी सुई) जवळजवळ बंद असते, आणि बंद वाटेवर अशक्त पंपसुद्धा पुरेसं प्रेशर दाखवतो. इंजिनाला किती लागतं त्याचा हिशेब सोपा आहे: पूर्ण ताकदीवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २३० ग्रॅम. म्हणजे ४०० हॉर्सपॉवरला तासाला ९० किलोच्या आसपास, मिनिटाला सुमारे २ लिटर. हे २ लिटर प्रेशर टिकवून पोहोचले पाहिजेत. किती प्रेशर, ते कार्ब्युरेटरवर ठरतं. होलीच्या चार बॅरल कार्ब्युरेटरना ५.५ ते ७ पीएसआय लागतं, एडलब्रॉकला ६.५ च्या वर नेऊ नये, वेबर डीसीओईला ३ च्या आसपास भागतं. होलीच्या गाडीत पूर्ण थ्रॉटलला काटा ४ च्या खाली जात असेल तर शोध सुरू करावा.

आधी गेजचीच परीक्षा घ्या. ग्लिसरीन भरलेलं गेज बॉनेटखाली तापलं की त्याच्या बंद डबीतला दाब वाढतो आणि काटा खाली येतो. पेट्रोलचं प्रेशर मात्र होतं तेवढंच असतं. कमी पीएसआयच्या गेजमध्ये ही चूक १ पीएसआयहून जास्त भरू शकते. इंजिन गरम असताना गेजवर ओलं गार फडकं ठेवा. रीडिंग चढलं तर दोष गेजचा. डबीचं रबरी बूच क्षणभर सैल करून दाब सोडला तरी तेच कळतं. कायमचं लावायचं तर कोरडं गेज लावा.

मोजायची जागा रेग्युलेटरनंतर (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग), कार्ब्युरेटरच्या इनलेटजवळ. चालत्या गाडीत बघायचं असेल तर इलेक्ट्रिक सेन्सरचं गेज घ्या. पेट्रोलची जिवंत लाइन केबिनमध्ये आणू नका. चाचणी मोकळ्या, सुरक्षित ट्रॅकवर घ्यावी आणि काट्यावर शेजारच्या माणसाने लक्ष ठेवावं. काटा कसा पडतो, यावरून अर्धं निदान होतं. हळूहळू घसरून रेस सोडताच वर आला तर वाट कुठेतरी अरुंद आहे किंवा पंप अपुरा आहे. काटा फडफडत असेल तर लाइनमध्ये हवा किंवा वाफ आहे. फक्त सुटतानाच पडून वरच्या गिअरमध्ये सावरत असेल तर ते प्रवेगाचं काम. मागून पुढे येणाऱ्या पेट्रोलला १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढ्या) प्रवेगात दर मीटर नळीमागे सुमारे १ पीएसआय गमवावं लागतं. तीन मीटर लाइन आणि जोरदार लाँच म्हणजे पंपाचे ३ पीएसआय तिथेच खर्च. अशा गाडीला मागे बसवलेला, १४ पीएसआयच्या आसपास देणारा पंप आणि पुढे रेग्युलेटर हीच जोडी शोभते.

आणि काटा ६ वर ठाम असूनही इंजिन उपाशी मरत असेल, तर पंपाला हात लावू नका. इनलेट नटच्या आतली छोटी जाळी किंवा फिल्टर, नीडल-सीटचं भोक आणि फ्लोटची उंची तपासा. गेज या सगळ्यांच्या अलीकडे असल्यामुळे त्याला हा अडथळा दिसत नाही.

आता प्रवाह मोजायचा. इंजिन थंड, बी-क्लास (पेट्रोलच्या आगीसाठीचं) अग्निशामक हाताशी, जवळ दिवा-ठिणगी काही नाही. इलेक्ट्रिक पंप असेल तर इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा, कार्ब्युरेटरजवळची लाइन सोडून होज धातूच्या कॅनमध्ये पक्का धरा आणि पंप नेमका ३० सेकंद चालवा. ४०० हॉर्सपॉवरला १ लिटर हा काठावरचा आकडा झाला. मोकळ्या तोंडाने पंप नेहमी जास्त देतो, म्हणून १.३ ते १.५ लिटर मिळावं. यांत्रिक पंप असेल तर इंजिन बाउलमधल्या पेट्रोलवर स्लोला चालवून मोजतात. साध्या पंपाने ३० सेकंदांत निदान अर्धा लिटर द्यावं. कॅन एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

आकडा कमी आला की लाइन दोन भागांत विभागून तपासा, आणि ही पायरी गाळू नका. पंपाच्या इनलेटची होज काढून तिथे आखूड, जाड होज लावा आणि तिचं दुसरं टोक पेट्रोलच्या स्वच्छ कॅनमध्ये सोडा. पुन्हा ३० सेकंद. प्रवाह भरून आला तर दोष पंप आणि टाकी यांच्या दरम्यान आहे. तसाच राहिला तर पंप, त्याची वीज किंवा पुढची लाइन. मग पंपाच्या आउटलेटलाच मोजा; तिथे भरपूर आणि कार्ब्युरेटरकडे कमी, तर मधला फिल्टर, रेग्युलेटर किंवा चेपलेली नळी.

टाकीकडच्या बाजूला सर्वांत सोपी तपासणी झाकणाची. दोष आला की गाडी थांबवून झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा सुस्कारा आला आणि गाडी सुधारली, तर व्हेंट (टाकीत हवा जाण्याचं छिद्र) बुजलं आहे. त्यानंतर पिकअपची, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीची, जाळी. अर्ध्या टाकीनंतरच त्रास होत असेल तर पिकअप नळीला वरच्या बाजूला भोक पडल्याचा संशय घ्या, कारण पातळी भोकाखाली गेली की पंप हवा ओढतो. ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर थेंब टाकत नाही, उलट हवा आत घेते. चाचणीपुरता पेट्रोल सहन करणाऱ्या पारदर्शक नळीचा तुकडा टाकला की बुडबुडे दिसतात. जुने होज इथेनॉलमुळे आतून मऊ पडतात आणि ओढ लागली की चपटे होतात, वरून धडधाकट दिसले तरी. पंपाच्या आधी बारीक कागदी फिल्टर लावणं ही सर्रास दिसणारी चूक. तिथे १०० मायक्रॉनची जाळी हवी, बारीक फिल्टर पंपानंतर. इलेक्ट्रिक पंप ढकलायला तगडे आणि ओढायला दुबळे असतात, म्हणून पंप टाकीजवळ आणि शक्यतो पेट्रोलच्या पातळीखाली बसवा.

वीज तपासताना पंप चालू ठेवून, थेट त्याच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १३.५ आणि पंपावर ११.५ असेल तर पंप निर्दोष असूनही थकल्यासारखा वागेल. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी पंपाच्या अर्थला लावली की अर्थिंगमधली घट वेगळी कळते. रंगावर बसवलेला अर्थ आणि डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट नेलेली बारीक वायर यांतच बहुधा घोळ सापडतो. रिले बसवा, वायर जाड घ्या.

यांत्रिक पंप असेल तर डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) फाटला आहे. गाडी तशीच चालवू नका, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पुशरॉड (पंपाला हलवणारा दांडा) झिजला असेल तर पंपाचा स्ट्रोक कमी होतो, नवा पंपही तसाच कमी देतो. म्हणून पंप बदलण्याआधी रॉडची लांबी मोजा.

उरते उष्णता. गार असताना सगळे आकडे बरोबर आणि तासभर चालवल्यावरच प्रेशर पडत असेल, तर नळी एक्झॉस्टजवळून कुठे जाते ते बघा. तिथून हलवा, उष्णतारोधक आवरण घाला. त्याने भागलं नाही तर रिटर्न लाइन आणि जादा पेट्रोल तिच्यातून टाकीत परत पाठवणारा बायपास रेग्युलेटर बसवा. पेट्रोल सतत फिरतं राहिलं की तापायला वेळ मिळत नाही. इंजिन बंद केल्यावर काटा शून्यावर येणं मात्र रिटर्न लाइनच्या गाडीत दोष नाही, त्यासाठी काही बदलू नका.